फोजदाराचा घास

चौतीस वर्षं मी गोळ्या विकल्या. वलसाडपासून भरूचपर्यंत एकही दवाखाना नसेल जिथे माझी काळी बॅग टेबलावर उघडली नाही. तापाच्या, खोकल्याच्या, पोटाच्या, झोपेच्या, म्हणाल त्या गोळ्या मी डॉक्टरांच्या गळी उतरवल्या आणि डॉक्टरांनी त्या लोकांच्या. लोक म्हणायचे, जाल बोलायला लागला की ठणठणीत माणसालाही वाटतं आपल्याला काहीतरी झालंय. एवढं सगळं करून निवृत्त झालो, उदवाड्याला फुईकडे येऊन राहिलो, आणि एका म्हाताऱ्या कुत्र्याने एका गोळीवरून माझं नाक कापलं.

फुई म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण, पिरोजा. वय चौऱ्याऐंशी. लग्न केलं नाही; कारण विचारलं तर म्हणते, वेळच मिळाला नाही. आमच्या गल्लीत दुपारी एक ते चार कोणी जागं नसतं. समुद्राचा आवाज तेवढा खारट वाऱ्याबरोबर घरात येतो, खिडकीच्या रंगीत काचांतून लाल-निळा उजेड फरशीवर पडतो आणि सावकाश सरकत राहतो. त्या उजेडात फुईची आरामखुर्ची, खुर्चीपाशी तिचा कुत्रा फोजदार, आणि दोघांचे डोळे अर्धे मिटलेले. मी आलो तेव्हा मला हे घर झोपेत चालल्यासारखं वाटायचं. महिन्याभरात मीही त्यात सामील झालो.

फोजदार तेरा वर्षांपासून फुईकडे. काळाकभिन्न, आणि प्रत्येक डोळ्याच्या वर गव्हाच्या रंगाचा एक ठिपका. आम्हा पारशांत अशाला चार डोळ्यांचा कुत्रा म्हणतात. माणूस गेलं की त्याला नेण्याआधी कुत्र्याला आणून चेहरा दाखवतात, सगदीद म्हणतात त्याला, आणि चार डोळ्यांच्या कुत्र्याने बघितलं तर त्यासारखं दुसरं काही नाही. गेली अकरा वर्षं गावात कुठेही कोणी गेलं की फोजदारला बोलावणं यायचं. तो कोणाला न विचारता आत जायचा, गेलेल्याच्या तोंडाकडे नीट बघायचा, आणि घरी येऊन झोपायचा. भुंकला म्हणून कधी कोणी ऐकलं नाही. त्याच्यासारखा दुसरा गावात उरला नव्हता.

फुईचं जगाकडे एवढंच मागणं होतं. "मला फोजदारने बघायचं. बाकी मागे तुम्ही काय वाटेल तो गोंधळ घाला."

हे ती दर आठवड्याला कोणाला तरी बजावायची. समोरच्या ओट्यावर बसणारे बेजनभाई हसायचे. त्यांचं यात्रेकरूंसाठीचं छोटं गेस्ट हाऊस आहे, आणि सल्ला द्यायची हौस गेस्ट हाऊसपेक्षा मोठी.

"पिरोजामासी, तुम्ही आम्हा सगळ्यांना पोचवून जाणार. फोजदारला शंभर वर्षं जगवावं लागेल."

"मग जगवू," फुई म्हणायची.

आणि दिवाळीच्या आसपास फोजदारला खोकला लागला.

आधी वाटलं घशात काटा अडकलाय. मग पहाटे उठून तो बसल्या बसल्या धापा टाकायला लागला. वापीहून डॉक्टर नायक स्कूटरवर आली. चुणचुणीत पोरगी, पायात पांढरे बूट, बोलणं स्वच्छ. तिने छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं, आणि म्हणाली, "काळीज मोठं झालंय, आंटी. छातीत पाणी साठतंय. रोज एक गोळी, दुपारी, जेवणाबरोबर. एक दिवससुद्धा चुकवायची नाही."

"दिली तर किती दिवस काढेल?" फुईने विचारलं.

"वर्ष. कदाचित दीड."

"आणि नाही दिली तर?"

डॉक्टर फोजदारच्या कानामागे खाजवत राहिली. "दोन-तीन महिने. फार तर."

फुईने मनात काहीतरी जुळवलं. "दीड वर्ष मला रग्गड झालं," ती म्हणाली, आणि गोळ्यांची डबी माझ्या हातात दिली. "जालू, हे तुझं काम. जन्मभर हेच केलंस."

पहिल्या दिवशी मी गोळी अंड्यात घातली. मऊ, लोणी सोडलेली अकुरी. फोजदारने अकुरी खाल्ली, बशी चाटून लख्ख केली, आणि बशीच्या मधोमध ती गुलाबी गोळी ठेवली. कोरडी. दुसऱ्या दिवशी कलेजीच्या तुकड्यात चीर पाडून आत दडवली. कलेजी गेली, गोळी राहिली. बोईच्या माशात घातली तर त्याने आधी काटे वेगळे केले, मग गोळी, आणि दोन्ही एका बाजूला नीट रचून ठेवलं. बेजनभाईंनी मलिदा करून पाठवला, वर बदाम. फोजदारने मलिद्याला तोंडच लावलं नाही. बदाम तेवढे उचलले.

"मलिदा शिळा होता," मी बेजनभाईंना म्हणालो.

"शिळा? सकाळी केलाय! अरे, तो तुझं तोंड बघून ओळखतो. तू हातात बशी घेऊन आलास की तुझा चेहरा वसुलीवाल्यासारखा होतो. जरा हसत दे."

मी हसत दिलं. फोजदार उठून दुसऱ्या खोलीत गेला.

जबडा उघडून घशात टाकायचाही प्रयत्न केला, डॉक्टरने शिकवला होता तसा. त्याने मुकाट तोंड उघडू दिलं, गिळल्यासारखंही केलं. पाऊण तासाने अंगणातल्या चिकूच्या झाडाखाली जाऊन, माझ्याकडे पाठ करून, ती गोळी मातीत सोडली. पाऊण तास कुठे ठेवली होती कोण जाणे!

त्या दिवसांत मला एक स्वप्न पडायचं. एक दवाखाना, बाहेर बाकावर माझ्यासारखेच बॅगवाले. माझं नाव पुकारतात. आत जातो तर खुर्चीत फोजदार बसलेला, समोर लिहायचं पॅड. मी बॅग उघडतो, गोळीचे गुण सांगायला लागतो, काळजाला कशी उपयोगी, बाजारात दुसरी अशी नाही. तो शांतपणे सगळं ऐकून घेतो, चारी डोळ्यांनी माझ्याकडे बघतो आणि म्हणतो, "ठेवा. बघतो." हे शब्द चौतीस वर्षांत मी हजारदा ऐकलेत आणि त्यांचा अर्थ मला पक्का माहीत आहे. खिडकीबाहेर समुद्र अगदी भिंतीला लागलेला असायचा. मी घामाघूम होऊन उठायचो, तर दुपारचे तीन वाजलेले, फुई घोरतेय, फोजदार खोकतोय.

खोकला वाढत होता. आणि माझ्या डोळ्यासमोर रोज एक गोष्ट घडत होती जी मी बघून न बघितल्यासारखी करत होतो.

दुपारी बरोबर साडेबाराला फुई जेवायला बसायची. डोक्याला पांढरा रुमाल, हात धुतलेले. ताट समोर आलं की तोंडाने अशेम वोहूची प्रार्थना म्हणत ती भाताचे तीन घास करून ताटाच्या कडेला ठेवायची. कुत्र्याचा घास. तिच्या आईने दिला, आजीने दिला, तिने सत्तर वर्षं दिला. कुत्रे बदलले, घास नाही. फोजदार समोर येऊन बसायचा, तिच्या तोंडाकडे बघत. ती एकेक घास तळहातावर धरायची, तो डोळे मिटायचा आणि घ्यायचा. हुंगायचा नाही. कलेजीला दहा बाजूंनी हुंगणारा हा प्राणी फुईच्या हातचा साधा मसूरडाळ-भात डोळे मिटून खायचा. तिसरा घास त्याच्या पोटात गेला की मग फुईचा पहिला.

एकदा मी विषय काढलाच.

"फुई, गोळी त्या घासात घालून दिली तर?"

तिने माझ्याकडे असं बघितलं जणू मी आतशबेहरामच्या, आमच्या अग्निमंदिराच्या दारात चपला घालून उभा राहिलोय.

"कुत्र्याच्या घासात?"

"औषधच आहे ना, विष आहे का?"

"कडू आहे ना?"

"वरून गुळगुळीत आवरण असतं. कळत नाही."

"मग कळत नाही म्हणूनच नको." फुईने वाटी खाली ठेवली. "माझी आई सांगायची, कुत्र्याला चटका बसेल असा घास दिला, घशात रुतेल असं हाड दिलं, तर ते पाप माणसाला मारल्याएवढं. आणि मेल्यावर ओलांडायच्या त्या चिनवद पुलावर काय बसलेत, माहीत आहे ना? दोन कुत्रे. चार-चार डोळ्यांचे. तिथे गेल्यावर काय सांगू, हा घास जालूने बनवला होता म्हणून?"

"फुई, पण तो जगायला नको का? तुझ्यासाठीच चाललंय सगळं."

"तुझ्या चौतीस वर्षांच्या युक्त्या बाहेर काढ. त्या तीन घासांना हात लावायचा नाही."

मी विषय सोडला. पण त्या रविवारी फोजदार ओट्यावरून उतरताना पडला, आणि पडल्यावर उठायच्या ऐवजी तिथेच डोकं टेकून राहिला. फुईने ते बघितलं. संध्याकाळी लोबानाचा धूर घरभर फिरवताना तिने तो फोजदारभोवती दोनदा फिरवला. चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईचं एकच मागणं आणि ते एका लेकराच्या नखाएवढ्या गोळीवर अडलेलं!

फुईचे गुडघे दुखायचे, त्यामुळे ताट मीच वाढायचो. भात ताटात नेहमी एकाच जागी, उजवीकडे, आणि घास ती नेहमी त्याच कोपऱ्यातून काढायची. डोळ्यांत मोतीबिंदू. साखरेच्या आजाराने बोटांची टोकं बधिर. गोळी मसुराच्या दाण्याएवढी. मी वाढताना गोळी त्या कोपऱ्यात भातात दाबली आणि समोर बसलो. फुईने अशेम वोहू म्हटलं. पहिला घास केला. फोजदारने डोळे मिटले.

गेली. गोळी गेली.

दुसऱ्या दिवशीही गेली. तिसऱ्याही. मी त्या दिवसांत काय मजेत होतो! खोकला उतरला. आठव्या दिवशी फोजदार समुद्रापर्यंत चालत आला. ओहोटी होती, ओली वाळू लांबवर पसरली होती आणि तिच्यात आभाळ उतरलेलं. तो त्या आभाळातून चालत गेला, पाण्याच्या कडेला उभा राहिला, कान वाऱ्यावर सोडून. मी मागे वाळूत बसलो. मला तेव्हा असं वाटलं की आयुष्यभर ज्या गोळ्या विकल्या त्यांतली ही एकच खरी कोणाच्या तरी कामाला आली. दहाव्या दिवशी डॉक्टर आली, नळी लावून खूश झाली. "अंकल, कसं जमवलं?"

"हातगुण," मी म्हणालो.

"माझ्या प्रार्थनेने," फुई म्हणाली, आणि मी मान डोलावली. ती माझी मान मला आज आठवली तरी नकोशी होते.

अकराव्या दिवशी डबी संपली. गावातल्या दुकानात ती गोळी नव्हती, दुसऱ्या बनावटीची होती. औषध तेच, मात्रा तीच. मी घेतली. बारावी गोळी भातात दाबताना तिचा रंग पांढरा आहे हे मी बघितलं, भातात लपेल म्हणून खूशही झालो. आवरण असलेल्या गोळ्यांचे गोडवे गाण्यात ज्याची हयात गेली त्या माणसाने, या गोळीला आवरण नाही, एवढं बघितलं नाही. गरम भात, वर डाळ. फुईची प्रार्थना होईपर्यंत ती त्यात विरघळून गेली.

फोजदारने डोळे मिटून घास घेतला. चावला. मग चावायचा थांबला. डोळे उघडले आणि फुईकडे बघितलं. गुरगुरला नाही, तोंड वाकडं केलं नाही. हळूच घास फरशीवर ठेवला, उठला, पायरीपाशी जाऊन बसला. पाठ आमच्याकडे.

"काय झालं त्याला?" फुई म्हणाली. तिने उरलेले दोन घास पुढे केले. "ये रे बाबा. ये. हे बघ."

तो आला नाही. फुईने स्वतःचे हात नाकाशी नेले, मग उठून साबणाने धुतले, परत येऊन बसली. परत बोलावलं. शेवटी तिने ताटावर ताट झाकलं.

"तू जेव, फुई," मी म्हणालो.

"तो जेवला नाही तर मी कशी जेवू?"

"संध्याकाळपर्यंत येईल ताळ्यावर."

संध्याकाळी तो बेजनभाईंच्या ओट्यावर गेला आणि त्यांच्या हातचा पाव खाऊन आला. दुसऱ्या दिवशी दुपारी फुईने नवा घास केला, त्यात मी काही घातलं नव्हतं. फोजदार जवळ आला. आणि त्याने तिचा हात हुंगला. बोटं, तळवा, मनगट, सगळं हुंगलं, आणि तोंड फिरवलं. तेरा वर्षांत पहिल्यांदा. फुईचा हात तसाच पुढे राहिला. मला वाटलं ती आता रडेल, पण ती फक्त तळहाताकडे बघत बसली, जणू तो तिचा नव्हेच.

त्या दिवशीही ती जेवली नाही. चहा घेतला, तोही बिनदुधाचा. साखरेच्या आजाराची बाई, दोन दिवस उपाशी. गल्ली दुपारची झोपली होती. मी खुर्चीत पडून होतो पण झोप येत नव्हती, आणि डोळा लागलाच तर तोच दवाखाना, फक्त आता खुर्ची रिकामी. तिसऱ्या दिवशी फुई उठताना भिंतीला धरून उभी राहिली. लाल-निळा उजेड तिच्या पांढऱ्या रुमालावर पडला होता आणि ती इतकी हलकी दिसत होती की वाऱ्याने खिडकी आपटली तरी उडेल.

"फुई," मी म्हणालो, "मी घालत होतो."

"काय?"

"गोळी. तुझ्या ताटातल्या भातात. घासाच्या कोपऱ्यात."

ती परत खाली बसली. सावकाश.

"किती दिवस?"

"बारा."

"म्हणजे बारा दिवस मी त्याला फसवलं."

"तू नाही गं, मी फसवलं. तुला कुठे माहीत होतं?"

"हात कोणाचा होता?"

मी तिच्यासाठी पाणी आणायला वळलो.

"बोल ना, गाढवा. हात कोणाचा होता? त्याने तुझा हात हुंगला का? त्याला तुझ्याकडून काय अपेक्षा होती? तुझी कलेजी तो पहिल्या दिवसापासून ओळखून होता. डोळे मिटायचा तो माझ्यासमोर."

"पण तो बरा होत होता! समुद्रापर्यंत गेला! मी तुझ्यासाठी केलं, फुई. मेला तो तर तुला कोण बघणार?"

"त्याने बघावं असं मलाही वाटतं," फुई म्हणाली. आवाज खाली आला होता. "पण मग त्याला दाखवायला तोंड उरायला नको?"

मग ती म्हणाली, "भातातली गोळी बंद."

"दोन महिन्यांत मरेल, डॉक्टर म्हणाली ते विसरलीस?"

"मरेल. पण माझ्या हातचं न हुंगता खाऊन मरेल."

ती उठली, रुमाल नीट बांधला, आणि मला म्हणाली, "मला खाली बसव." मी एका बाजूने आणि हाक मारून बोलावलेल्या बेजनभाईंनी दुसऱ्या बाजूने तिला धरून पायरीपाशी जमिनीवर बसवलं. वीस वर्षांत ती जमिनीवर बसली नव्हती. फोजदार तिच्यापासून हातभर लांब, पाठ करून. तिने पश्चात्तापाची प्रार्थना म्हटली, पूर्ण, एक शब्द न गाळता. मग साध्या बोलीत बोलायला लागली.

"फोजदार, ऐक. घासात कडू होतं. मला माहीत नव्हतं, पण हात माझाच होता. परत होणार नाही. हा जालू मूर्ख आहे, पण वाईट नाही. त्यालाही माफ कर, नाही केलंस तरी चालेल."

बेजनभाईंनी चपला काढून बाजूला ठेवल्या.

फोजदार हलला नाही. फुईही हलली नाही. ऊन अंगणातून चिकूच्या झाडावर चढलं, गल्लीत दूधवाला येऊन गेला, कुठेतरी लोबान पेटला. मला किती वेळ गेला ते कळेना. त्या दोघांच्या पाठी बघता बघता मला पेंग येत होती आणि पेंगेतही मी त्यांनाच बघत होतो. शेवटी दिवे लागायच्या वेळी फोजदार उठला. वळला. फुईचे दोन्ही हात आळीपाळीने हुंगले, एकेक बोट. मग तिच्यासमोर बसला, आणि डोळे मिटले.

"जालू! भात!" फुई ओरडली. इतक्या दिवसांत एवढा मोठा आवाज.

दुपारचाच गार भात होता. तिने तीन घास दिले, त्याने तीन घास घेतले, आणि मग जमिनीवरच बसून फुई जेवली. डाळ बोटांवरून ओघळत होती. मी स्वयंपाकघरात जाऊन रडलो. बेजनभाई माझ्या मागे आले आणि म्हणाले, "कांदा चिरतोयस का?" आणि तेही रडायला लागले.

डॉक्टर नायकला सगळं सांगितलं. ती चिडली नाही. म्हणाली, सुई देऊन बघू, आठवड्यातून दोनदा. छातीतलं पाणी कमी होईल, काळीज काही सुधारणार नाही. फोजदारला सुई चालली. टोचताना अंग थरथरायचं, पण पळायचा नाही. टोचून झालं की डॉक्टरच्या पांढऱ्या बुटावर पंजा ठेवायचा. सुई दुखायची ती उघड दुखायची. मीही रोज दुपारी घास झाल्यावर गोळी उघड्या तळहातावर घेऊन त्याच्यासमोर बसायचो. हे औषध आहे, कडू आहे, घे. तो गोळीकडे बघायचा, माझ्याकडे बघायचा, आणि सभ्यपणे मान वळवायचा. एकदाच घेतली. का घेतली ते त्यालाच ठाऊक. दुसऱ्या दिवशी परत नाही.

थंडी पडली. पहाटे दुधाच्या फेसाचे पेले घेऊन बाई येऊ लागली, दवात रात्रभर ठेवलेलं दूध, घुसळलं की वर हा एवढा फेस. फुई आपल्या पेल्यातला फेस बोटाने त्याच्या नाकावर ठेवायची आणि तो तिरळा होऊन त्याच्याकडे बघायचा. धुकं इतकं असायचं की समोरचा बेजनभाईंचा ओटा नाहीसा व्हायचा, नुसता त्यांचा आवाज यायचा, "मासी, आहात की गेलात?" आणि फुई धुक्यात उत्तर द्यायची, "आहोत, दोघं आहोत." त्या दिवसांचे तारीख-वार माझ्या लक्षात नाहीत. एकच लांब सकाळ आणि तिला जोडून एकच लांब दुपार, असं काहीसं आठवतं.

जानेवारीतल्या एका दुपारी तीन घास झाले. फोजदार ओट्यावर उन्हात जाऊन आडवा झाला. मी खुर्चीत. झोपेत त्याचे पाय हलत होते, तो कुठेतरी पळत होता. मलाही डुलकी लागली. समुद्र आवाज न करता गल्लीत आलेला, घोट्याएवढा, कोमट, त्यात घरं उलटी उभी. फोजदार त्या पाण्यातून चालत चाललेला, न खोकता, घाई नाही. मी त्याला हाक मारली नाही. जाग आली तेव्हा ऊन तेच होतं, ओटा तोच होता, आणि त्याचे पाय थांबले होते.

मी फुईला उठवलं. माझ्या तोंडावरून ती समजली. बेजनभाई धावत आले, चादर घेऊन.

"उचलू नका," फुई म्हणाली.

ती आत गेली. हात-तोंड धुतलं, धुतलेला रुमाल डोक्याला बांधला, चष्मा अंगातल्या मलमलच्या सदऱ्याच्या टोकाने पुसला. मग ओट्यावर त्याच्याजवळ बसली. उजेड अडत होता म्हणून मला हाताने बाजूला केलं. आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिली, नीट, पापणी न हलवता, जसा तो लोकांच्या घरी जाऊन बघायचा. अकरा वर्षं त्याने सगळ्या गावाला पोचवलं. त्याला पोचवायला आमच्यात काही रीत नाही. फुईने कोणाला न विचारता ती त्या दिवशी केली.

मी मात्र मनात गोळ्या मोजत होतो. आणखी गोळ्या घशात गेल्या असत्या तर हे उलट झालं असतं, त्याने फुईला बघितलं असतं. फुईला हवं होतं ते एकच, तेही माझ्या हातून गेलं, एवढंच मला दिसत होतं.

बेजनभाईंच्या तोंडून अखेर निघालंच. "पिरोजामासी, आता तुम्हाला कोण बघणार? नवसारीला विचारू का? तिथे कोणाकडे चार डोळ्यांचा असेल."

फुईने चष्मा काढला.

"कोणताही आण, बेजन. साधा दोन डोळ्यांचा आण," ती म्हणाली. "फोजदारचं मला बघून झालंय. तेरा वर्षं, रोज दुपारी साडेबाराला."

मग तिने माझ्याकडे हात पुढे केला, उठवायला. मी धरला, आणि आम्ही चिकूच्या झाडाखाली जागा बघायला गेलो.